शहाण्णव तास

पान बेचाळीसवर एक कुटुंब
समुद्रकिनारी सहलीला निघालेलं असतं.
टोपलीत सँडविच, आईच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी,
बाप विचारतो, पाणी कसं आहे?
आत-बाशीच्या नववीत मुलं एकवीस.
समुद्र पाहिलेलं कुणी नाही. मीही नाही.
तरी बारा वर्षं आम्ही एका सुरात सांगत आलो
की पाणी छान आहे.

म्हणून मी खोकं ठेवलं.
बुटांचं, नवऱ्याच्या, चव्वेचाळीस नंबरचं.
त्यात हाती लागेल ते:
चिनी थर्मासची माहितीपत्रिका, तिच्यातल्या चुकांसकट
(चुका शोधा, हा तास सगळ्यांत गाजला),
सायकलवरून आलेल्या डच बाईनं मागे सोडलेला नकाशा,
शाम्पूच्या पुड्या, विमानातली उलटीची पिशवी.
विमानात कुणी बसलेलं नव्हतं,
पिशवी मात्र हातोहात फिरली.
बुरुल म्हणाली, बाई, यावर प्लीज लिहिलंय!
उलटीलासुद्धा प्लीज.

फेब्रुवारीत जिल्ह्याचे तपासनीस आले, जुमाबेक सादिरोविच,
मिशांवर बर्फ घेऊन.
शेगडीला पाठ लावून बसले,
खोक्यातला एकेक कागद दोन बोटांत धरून उचलत गेले,
मेलेला उंदीर उचलावा तसा.
त्यांच्या फॉर्ममध्ये सातवा रकाना: पूरक साहित्य.
खाली बारीक अक्षरांत, मंजूर यादीतीलच.
"हे कोणत्या पानाला पूरक?"
पान नाही, मी म्हटलं.
त्यांनी रकान्यात आडवी रेघ ओढली.
चहा मात्र तीन वाट्या घेतला.

मार्चमध्ये सामिदिननं आपणहून एक घडी आणली,
गुरांच्या औषधाच्या डबीतली,
खसखशीएवढी अक्षरं.
गाईची कास सुजली होती. डॉक्टर सुई टोचून
घाईत घाट ओलांडून गेलासुद्धा.
चला, म्हटलं, आज हेच वाचू.
शेक. स्टोअर. डोस. फळा भरत गेला.
मग आला विथहोल्ड.
माझ्या शब्दकोशातली डब्ल्यूची पानं
कुठल्याशा हिवाळ्यात सुटून शेगडीत गेलेली.
बारा वर्षांची जुनी बाई मी, हातात खडू,
समोर एकवीस चेहरे.
मला माहीत नाही, म्हणाले.
हे वाक्यही पुस्तकात कुठेच नव्हतं.

मग शब्द फोडायला घेतला.
विथ म्हणजे सोबत. होल्ड म्हणजे धरणं.
दूध सोबत धरा?
कवटाळा, कुणीतरी म्हणालं, वर्ग फिदीफिदी हसला.
सामिदिन हसला नाही.
बोट ठेवून तो पुढची ओळ लावत होता, ओठ हलवत:
मिल्क. ह्यूमन. नाइन्टी सिक्स अवर्स.
"बाई, हे धरा नाही. हे हात आखडा आहे.
हे... देऊ नका आहे."
आणि बाकावरून उडी मारून, न विचारता,
कानटोपीही न घेता, गेला.

घरी त्याची धाकटी, अकरा महिन्यांची.
दुपारची बाटली तीनला.
खिडकीशी सगळे दाटलो.
नदीच्या कडेकडेनं, बर्फातून,
बारीक होत जाणारं एक काळं टिंब.
घड्याळात अडीच.

दुसऱ्या दिवशी लालभडक कान घेऊन आला.
सहा बाटल्या आधीच पाजून झाल्या होत्या, म्हणाला.
पोरीला काही झालं नाही. सातवी त्यानं अंगणात ओतली,
आईच्या हातची एक बसली,
मग आईला कागद वाचून दाखवला, आमच्या भाषेत.
तिनं तो आरशामागे खोचून ठेवलाय.
खोक्यासाठी परत मिळायचा नाही.

वार्षिक परीक्षेत पान बेचाळीसच आलं.
पाणी कसं आहे?
वीस जणांनी लिहिलं, छान.
सामिदिननं लिहिलं, आय डोन्ट नो,
आणि नो-मधला के विसरला.

अर्धा गुण मी आखडला.